पाठ टेकली की कुस्ती संपते: ‘दया नको’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात ताईच्या मोबाइलवर एक मेसेज आला. ‘खरा खेळाडू दया करत नाही’ असं ठळक शीर्षक, खाली सात मुद्दे आणि शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. आधी तो पालकांच्या ग्रुपवर फिरला, मग सोसायटीच्या, मग नातेवाइकांच्या. माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला. तरीही मी गप्प बसले असते, पण तो माझ्या भाचीने वाचला. ती १२ वर्षांची आहे, शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे आणि आदल्याच रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या एका मैदानावर तिच्या संघाने १९ गोल खाल्ले होते. १९-०.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात सांगते. फरक जितका मोठा तितका खेळाडू मोठा. मध्येच हात आखडता घेणं हा समोरच्याचा अपमान. परदेशात कुणी दया करत नाही, म्हणून ते पदकं जिंकतात. आपल्या मातीतल्या खेळांतही दयामाया नव्हती. १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांचा विश्वविक्रम ‘इंग्रजांनी सामना थांबवून’ बुडवला. प्रणव धनावडेच्या १००९ धावा हा निर्दयपणातून चॅम्पियन घडतो याचा पुरावा. आणि सातवा मुद्दा असा की ज्या मुलांना मोठी हार सोसत नाही त्यांना लवकर खेळातून काढा, वेळ आणि पैसा वाचेल. त्याला दाखला असा की अमेरिकन सामोआ, म्हणजे पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांचा फुटबॉल संघ, ३१-० ने हरूनही रडला नाही आणि पुढे जिंकला.

मी ओळीने जाणार नाही. आधी १००९ घेते, कारण सगळा मेसेज त्या एका आकड्यावर उभा आहे.

जानेवारी २०१६. कल्याणला १६ वर्षांखालच्या मुलांचा शालेय सामना, भंडारी चषकाचा. आर्य गुरुकुल शाळेचा संघ आधी ३१ धावांत गारद झाला. मग के. सी. गांधी शाळा फलंदाजीला आली आणि पहिल्या दिवसअखेर १ बाद ९५६ वर होती. प्रणव ६५२ वर नाबाद. १८९९ पासून टिकून असलेला, इंग्लंडमधल्या कॉलिन्स या शाळकरी मुलाचा ६२८ धावांचा विक्रम त्याने त्याच दिवशी मोडला होता. आघाडी ९२५ धावांची होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संघ पुन्हा फलंदाजीलाच उतरला! शेवटी ३ बाद १४६५ वर डाव घोषित झाला. प्रणव ३२७ चेंडूंत नाबाद १००९, त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार. समोरच्या पोरांनी दुसऱ्या डावात ५२ केल्या. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय.

आता मेसेजने काय गाळलं ते बघा. आर्य गुरुकुलची मोठी मुलं परीक्षेमुळे आलीच नव्हती, त्यांच्या जागी लहान मुलं उतरवली होती. हे तेव्हाच वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, कुणी लपवलेलं नाही. एका बाजूची सीमारेषाही अगदी जवळ होती. म्हणजे दहावीच्या वयाचा तगडा फलंदाज आणि समोर बारा-तेरा वर्षांचे गोलंदाज, तेही दीड दिवस. यात प्रणवचा काडीचाही दोष नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. १५ वर्षांच्या, रिक्षाचालकाच्या मुलाला बॅट हातात देऊन ‘खेळ’ म्हटल्यावर तो खेळणारच, आणि ३२७ चेंडू एकाग्र राहणं सोपं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आता पुरे’ म्हणायला मैदानावर मोठी माणसं होती की नव्हती?

आणि चॅम्पियन घडला का? मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनीच ती थांबवा असं पत्र दिलं, कारण कामगिरी घसरली होती आणि त्या आकड्याचं ओझं पोराच्या मानेवर बसलं होतं. वडिलांचा हा प्रामाणिकपणा मला त्या हजार धावांपेक्षा मोठा वाटतो. मेसेज लिहिणाऱ्याला या पत्राची गंधवार्ता नाही. त्या एका सामन्याने हरणाऱ्यांना काय दिलं ते दिसतंच आहे, पण जिंकणाऱ्यालाही काय दिलं, हे त्यांनी एकदा शांतपणे बघावं.

‘मातीतल्या खेळांत दया नव्हती’ हे वाचून तर माझं डोकंच फिरलं. माझे आजोबा पंचवटीतल्या एका तालमीत जायचे. यात्रेच्या मैदानात कुस्ती कशी लागते ते त्यांच्याकडून ऐकलंय आणि नंतर डोळ्यांनी बघितलंय. पंच दोघांना शेजारी उभं करतात, अंगकाठी बघतात, वय बघतात, जोड जमत नसेल तर कुस्ती लावतच नाहीत. ‘तोडीस तोड’ हा शब्द आपल्याकडे उगाच रुळलेला नाही. आणि एकदा चितपट झालं, पाठ मातीला टेकली, की कुस्ती संपली. हलगी थांबते, हात वर होतो. पडलेल्या पैलवानाला पुन्हा उचलून पुन्हा आपटायचं, असं एकोणीस वेळा करायचं, याला आखाड्यात कुणी मर्दानगी म्हणत नाही. तसं करणाऱ्याला वस्ताद पुन्हा मातीत पाय ठेवू देणार नाही.

कबड्डीत सगळा संघ बाद झाला की लोण चढतो, दोन गुण जादा मिळतात, पण सातच्या सात परत आत येतात. आणि खो-खो? मी स्वतः खेळले आहे. सामना ‘एक डाव राखून’ जिंकला असं आपण पेपरात वाचतो ते काय आहे? पहिल्या डावात आघाडी पुरेशी मोठी असली की पुढे असलेला संघ फॉलोऑन देतो, समोरच्याला सलग दुसऱ्यांदा आक्रमण करायला लावतो आणि तरीही आघाडी फिटली नाही तर सामना तिथेच संपतो. थांबायची सोय नियमातच आहे.

शाळेत असताना आम्ही सुरगाण्याकडच्या मुलींकडून असंच एक डाव राखून हरलो होतो. त्या अनवाणी होत्या आणि वाऱ्यासारख्या पळत होत्या. सामना संपल्यावर आम्ही तोंडं पाडून बसलो, तर त्यांच्यातली एक जण आली आणि म्हणाली, ‘चल, खांबावर सूर कसा मारायचा दाखवते.’ अंधार पडेपर्यंत दाखवत होती. खांबाला हात कुठे लावायचा, कोपर कधी वाकवायचं. माझ्या उजव्या कोपरावर त्या संध्याकाळचा व्रण अजून आहे. त्या मुलींनी आमच्यावर दया केली नव्हती. खेळताना एकीलाही सोडलं नव्हतं. पण खेळ संपल्यावर त्यांनी आम्हाला खेळणं बनवलं नाही.

परदेशाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांची. अमेरिकेत लहान मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये चार इनिंगनंतर १० धावांचा फरक असेल तर सामना संपवतात. ज्यांच्या पदकांचे दाखले देता, त्यांच्याच नियमपुस्तकात हे लिहिलेलं आहे.

निंबाळकरांबद्दल. डिसेंबर १९४८ मध्ये देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटून गेलं होतं. पुण्यातला रणजी सामना, महाराष्ट्राविरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विश्वविक्रमापासून नऊ धावा दूर, महाराष्ट्र ४ बाद ८२६. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला, कारण विक्रमाच्या पानावर आपल्या संघाचं नाव यायला नको होतं. इंग्रज कुठून आले यात? काठियावाडने केलं ते वाईटच केलं, हे मी मान्य करते. हरणाऱ्याचीही खिलाडूवृत्ती असते आणि त्या दिवशी ती दिसली नाही. पण त्यातून ‘निर्दयपणे खेळा’ हा धडा कसा निघतो?

हात आखडता घेणं म्हणजे अपमान, या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. मनात नसताना कबूल करते. मुलांना खोटं लगेच कळतं. मुद्दाम चेंडू सोडला, मुद्दाम झेल टाकला, की हरणारं पोर जास्त दुखावतं. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनी ब्राझीलविरुद्ध मध्यंतरालाच ५-० ने पुढे होती. त्यांच्या मॅट्स हुमेल्सने नंतर सांगितलं की मध्यंतरात त्यांचं ठरलं होतं, गंभीरपणे खेळत राहायचं, पण समोरच्याची शोभा करायची नाही. सामना ७-१ संपला. त्यांनी नंतरही गोल मारले, पण नखरे केले नाहीत. मला वाटतं इतकंच अपेक्षित आहे. आणि साखळी सामन्यांत गोलफरक मोजला जातो, तिथे गोल मारू नका असं कुणी कुणाला सांगू शकत नाही, हेही खरं.

म्हणूनच १९ या आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या रविवारी मी रेषेबाहेर उभी होते. मध्यंतराला १२-० होतं. गोलपोस्टला जाळी नव्हती, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर चेंडू मागच्या बाभळीपर्यंत जायचा आणि तो आणायला भाची धावायची. हातात मावसभावाचे दोन मापं मोठे ग्लोव्हज. ती चेंडू घेऊन परत येईपर्यंत समोरच्या बाकावरची मुलं आणि त्यांचे पालक मोठ्याने आकडा म्हणायचे. तेरा! चौदा! एकदा त्यांची सात नंबरची मुलगी स्वतःहून धावली, चेंडू आणला आणि भाचीच्या हातात दिला. तिच्या कोचने तिला ओरडून जागेवर बोलावलं. सतराव्या गोलनंतर त्यांनी आपली गोलकीपर पुढे आणली, ‘तिलाही एक मारू दे’ म्हणून. एक वडील ते मोबाइलवर शूट करत होते. घरी येताना भाची एवढंच म्हणाली, ‘गोल मारले ते ठीक आहे. पण त्यांच्या गोलकीपरला का आणलं?’

त्या मुलींना हे कुणी शिकवलं? सात नंबरच्या पोरीला तर उलटंच येत होतं, आणि तिला ओरडा मिळाला.

आणि सातवा मुद्दा या पोरीबद्दल बोलतो. ‘खेळातून काढा.’ अमेरिकन सामोआचा दाखला दिलाय ना? पूर्ण द्या मग. ११ एप्रिल २००१, कॉफ्स हार्बर, ऑस्ट्रेलियाने ३१-० ने हरवलं, एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल मारले. अमेरिकन सामोआचे नेहमीचे बहुतेक खेळाडू पासपोर्टच्या अडचणीमुळे येऊ शकले नव्हते आणि वीस वर्षांखालची बरीचशी मुलं शाळेच्या परीक्षांत अडकली होती. कल्याणला जे झालं तेच! पंधरा वर्षांची पोरं राष्ट्रीय संघात उतरवावी लागली. सामन्यानंतर खुद्द थॉम्पसननेच असले सामने हवेत कशाला, असं विचारलं. पुढच्या विश्वचषकापासून ओशनिया विभागात छोट्या देशांची आधी आपसांत फेरी ठेवली गेली. म्हणजे जोड बदलली. २०११ मध्ये अशाच फेरीत, आपल्याएवढ्याच टोंगाला २-१ ने हरवून अमेरिकन सामोआने फिफाच्या अधिकृत सामन्यांतला पहिला विजय मिळवला. त्या दिवशी गोलमध्ये निकी सलापू होता. २००१ मध्ये ३१ गोल खाल्लेला तोच. त्याला कुणी खेळातून काढलं नव्हतं, आणि त्याने हे सगळं दहा वर्षं मनात बाळगलं होतं.

सलापूची गोष्ट मी भाचीला सांगितली. तिने दोन प्रश्न विचारले. त्याचा चेंडू कोण आणत होतं, आणि नंतर तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा खेळला का. पहिल्याचं उत्तर मला देता आलं नाही. दुसऱ्याचं असं की ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये आशिया विभागात गेली.

जिल्ह्यात शाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. सोडत काढण्याआधी संघ बघा. कुठल्या शाळेत रोज सराव असतो, कुठल्या शाळेने महिन्याभरापूर्वी संघ उभा केलाय, हे एका फोनवर कळतं. दोन गट करा. ठरावीक फरकानंतर वेळ कमी करायची मुभा पंचांना द्या. आणि गोलपोस्टला जाळी लावा.

ताईने काल विचारलं, पुढच्या तीन महिन्यांची सरावाची फी भरू की राहू दे. भाची शेजारीच बसली होती, मान खाली घालून. मी भर म्हटलंय. मापाचे ग्लोव्हज मी घेऊन देणार आहे.