निळ्याला शब्द नाही, म्हणून निळा दिसत नाही?

अकरा हिरवे चौकोन आणि एक निळा, असं एक चित्र सतत फिरत असतं. सोबत मजकूर: ‘नामिबियातल्या हिंबा लोकांच्या भाषेत निळ्याला शब्द नाही, म्हणून त्यांना वेगळा चौकोन सापडतच नाही. वर्गात दाखवा!’

दाखवण्याआधी थोडं थांबा. हे दृश्य बीबीसीच्या ‘होरायझन’ मालिकेतल्या २०११च्या कार्यक्रमातलं. हिंबांवर प्रत्यक्ष काम केलेल्या डेबी रॉबर्सन, ज्यूल्स डेव्हिडॉफ प्रभृतींच्या २००५च्या शोधनिबंधात ‘निळा दिसत नाही’ असा निष्कर्ष नाही. हिंबांच्या बोलीत ‘बुरू’ या एकाच शब्दात हिरवा आणि निळा येतात. ‘दांबू’ (पिवळसर आणि काही हिरवट छटांचं नाव) आणि ‘बुरू’ यांच्या सीमेवरच्या छटा त्यांना जास्त वेगळ्या वाटल्या, आपल्या हिरव्या-निळ्याच्या सीमेवरच्या तशा वाटल्या नाहीत. वेगळेपण कमी वाटणं म्हणजे न दिसणं नव्हे.

‘नाव नाही तर फरक नाही’ हे वर्गातच तपासून बघा. पोस्टर कलरचे हिरवा १० थेंब–निळा ०, मग ९–१, ८–२ असं करत ०–१० पर्यंत अकरा मिश्रणं करा. निळा बहुधा भारी पडतो आणि सगळी मिश्रणं लवकरच निळी होतात. तसं झालं तर निळ्यात आधी पांढरा मिसळा. प्रत्येक मिश्रणाच्या दोन चकत्या रंगवा आणि पूर्ण वाळू द्या, कारण वाळल्यावर छटा बदलते. मग मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. एखादी चकती त्यात शेजारणीपेक्षा ठळक गडद दिसली तर मुलं रंग नाही, उजेड-अंधार ओळखतील. ती पांढरा घालून पुन्हा रंगवा.

आधी चकत्या विस्कटून एकेक दाखवा; प्रत्येकाने न बोलता नाव लिहायचं. एकाने ‘मोरपंखी’ म्हटलं की अर्धा वर्ग तेच लिहितो. नंतर करड्या कागदावर तीन चकत्या ठेवा, दोन सारख्या आणि एक शेजारच्या मिश्रणाची. वेगळी कोणती? दोन्हींना ‘हिरवा’ लिहिणारी मुलंही बहुतेक वेळा बरोबर बोट ठेवतात. हे व्हरांड्यातल्या उजेडात करा, प्रोजेक्टरवर नको: फिकट पडद्यावर जवळच्या छटा एक होतात, आणि दोष भाषेच्या माथी जातो.

‘प्राचीन ग्रीक कवी होमरने समुद्राला निळा म्हटलं नाही’ हाही पुरावा नव्हे. ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टनने १८५८ साली त्यावर बरंच लिहिलं होतं. पण आपणही डोहाला ‘काळाभोर’ म्हणतोच की.

मात्र ‘भाषेचा काहीच संबंध नाही’ हे उलट टोकही चुकीचं. रशियनमध्ये गडद निळ्याला आणि फिक्या निळ्याला दोन स्वतंत्र शब्द आहेत. २००७च्या प्रयोगात त्या सीमेपलीकडच्या छटा रशियन भाषकांनी जास्त लवकर ओळखल्या. मनात आकडे घोकायला लावल्यावर तो फायदा गेला. वर्गात स्टॉपवॉच घेऊन हे करू नका. फरक सेकंदाच्या अंशाचा असतो, आणि बटण दाबण्यातली चूकच त्याहून मोठी निघते.