मोतमाउलीची जत्रा मला रस्त्यासकट हवी आहे

सप्टेंबर जवळ आला की आपल्याच कॅथलिक समाजातली चांगली शिकलेली, दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणारी माणसं एक गोष्ट हमखास बोलतात. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) ठीक आहे, पण वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा कशाला? ते स्टॉल, ती रेटारेटी, ते मेणाचे हातपाय. भक्ती चर्चमध्ये करावी, रस्त्यावर तिचं काय काम? ही माणसं मला परकी नाहीत, त्यातली काही घरातलीच आहेत. पण मला त्यांचं म्हणणं अजिबात पटत नाही, आणि ते का पटत नाही हे यंदा नीट लिहायचंय.

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर टेकडीवरच्या माउंट मेरी बॅसिलिकेत, म्हणजे मोतमाउलीच्या चर्चमध्ये, सण आणि त्या रविवारआधी नऊ दिवस नोव्हेना. बेस्ट जादा बस सोडते, मराठी, कोकणी, तमिळ, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात. आम्ही वसईहून लोकलनं येतो. पूर्वी आजी लाल लुगडं नेसून यायची आणि चढावर कोळणी भेटल्या की थांबून त्यांच्याशी बोलायची. दोघींच्या बोलीत फरक, पण माउली एकच.

आता मेणाबद्दल. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेबलं मांडून मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं विकायला असतात. ज्यासाठी मागणं असेल ती वस्तू घेऊन माउलीपुढे ठेवायची. परदेशी जायचं असेल त्यांच्यासाठी विमानसुद्धा. याला कुणी अंधश्रद्धा म्हणालं की मला वाईट वाटतं. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं त्या वर्षी मी मेणाचा पाय घेतला होता. ऑपरेशन डॉक्टर करणार हे मलाही ठाऊक होतं. पण त्या महिनाभरात जपमाळ म्हणताना मन एका जागी राहत नव्हतं. बिलं, रजा, दवाखान्यातला डबा, सगळं मध्ये यायचं. तो पाय हातात आला आणि रांगेत मला दुसरं काही सुचलंच नाही. हाताच्या उबेनं मेण मऊ व्हायला लागलं, तसा मी तो जपून धरला, बाबांना धरून चालवावं तसा. माझी त्या वर्षीची खरी प्रार्थना तीच होती आणि ती चर्चच्या दारात पोचायच्या कितीतरी आधी, फुटपाथवर सुरू झाली होती.

जिच्यापुढे आपण हे हात ठेवतो, त्या माउलीच्या मूर्तीचाच उजवा हात १७०० साली चाच्यांनी तोडला असं सांगतात. पुढे मूर्ती समुद्रात सापडली ती कोळ्यांना, अशीही कथा आहे. १७६१ मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं आणि आज दिसतं ते १९०४ मध्ये पूर्ण झालं. त्याचे वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय, म्हणजे पारशी. टेकडी चढायच्या पायऱ्याही बोमनजी जीजीभॉय या पारशी गृहस्थांनी बांधून दिल्या. म्हणजे हे ठिकाण एकट्या कॅथलिकांनी उभं केलेलं नाहीच. रांगेत माझ्यापुढे बुरख्यातली बाई मेणाचं बाळ घेऊन उभी असते, मागे कपाळाला कुंकू लावलेल्या मावशी. त्यांना आत आणतो तो हा रस्ता. चर्चचं दार ओलांडताना बिचकणारा माणूस मेणबत्ती घ्यायला बिचकत नाही, आणि एकदा मेणबत्ती हातात आली की पुढची पावलं आपोआप पडतात.

२०२० मध्ये जत्रा झाली नाही. आम्ही घरी मोबाइलवर मिस्सा पाहिली, प्रार्थना त्याच, उपदेशही छान. आई शेवटी एवढंच म्हणाली, "गेल्यासारखं वाटलं नाही गं." जत्रा वेगळी आणि भक्ती वेगळी असती तर त्या वर्षी आम्हाला काहीच कमी पडायला नको होतं.

तक्रारी सगळ्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. वांद्र्यात राहणाऱ्यांना आठवडाभर घरची गाडी काढता येत नाही, कुणी आजारी असेल तर जीव टांगणीला लागतो. चढावर म्हाताऱ्यांना टेकायला जागा नसते. प्लास्टिकचा कचरा बघवत नाही. यावर पालिका, पोलीस आणि चर्च यांनी मिळून काम करायलाच हवं. रुग्णवाहिका आणि व्हीलचेअरसाठी एक मार्गिका पूर्ण मोकळी ठेवा. चर्चजवळचे स्टॉलवाल्यांचे स्पीकर बंद करा. ठिकठिकाणी बाकं टाका, पिण्याचं पाणी ठेवा. स्टॉल कमीच करायचे असतील तर प्लास्टिकच्या खेळण्यांचे आधी हटवा. पण मेणवाले, फुलवाले आणि चणे-खाजं विकणाऱ्या बायका यांना कृपा करून हात लावू नका.