नकाशावरच्या रेघा: ‘एक करदाता’ यांना उत्तर

भुयारी गटार योजनेवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. आपले आक्षेप असे: शहरात पाणी तीन दिवसांआड येतं, तर गटार वाहणार कशाने? घरोघरी सेप्टिक टँक असताना रस्ते कशाला उकरायचे? लेखात खर्चाचा आकडा का नाही? आणि शेवटी हे वाक्य: ‘तुमच्यासारखे लोक एसीत बसून नकाशावर रेघा ओढतात, तुंबल्यावर नाकाला रुमाल आम्ही लावतो.’

खर्चाचा आकडा द्यायला हवा होता, मान्य.

आता एसी. माझ्या वाट्याला आलेल्या सरकारी कचेऱ्यांत पंखासुद्धा मर्जी असेल तेव्हाच फिरायचा. पण ते सोडा, रेघेचं बोलू. पाणीपुरवठ्याच्या पाइपला चढ चालतो, मागे दाब असतो. मैला वाहायला उतारच लागतो. पाण्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर पाहिजे, नाहीतर गाळ तळाशी बसतो. त्यासाठी १५० मिलिमीटरच्या पाइपला साधारण १७० मीटरला एक मीटर उतार द्यावा लागतो. सपाट गावात हाच पाइप किलोमीटरभर नेला, तर टोकाला तो सुरुवातीपेक्षा जवळजवळ सहा मीटर खोल जातो. खाली एकतर खडक, नाहीतर झिरपणारं पाणी. मग मधे पंपिंग स्टेशन घ्या, आणि पंप आला की नगरपरिषदेचं वीजबिल आलं. नाल्याच्या कडेने न्यायची की बाजारपेठेतून, या एका रेघेवर हे सगळं ठरतं. ती ओढायला आधी गावभर लेव्हल घेत, म्हणजे जमिनीचे उंच-सखल मोजत, हिंडावं लागतं. उन्हात.

आणि रेघ जमिनीत उतरते तेव्हा काय होतं, तेही ऐका. चर बुजवण्याआधी एका चेंबरात बत्ती आणि पुढच्या चेंबरात आरसा धरून पाइप सरळ बसलाय का ते बघतात. उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर ठीक. चंद्रकोर दिसली, तर पाइप उकरून पुन्हा टाकायचा. तो आरसा मी गुडघाभर चिखलात उभं राहून धरलाय, वरून ठेकेदाराचा माणूस “दिसतंय की साहेब, चला” म्हणत असताना. अशाच एका चंद्रकोरीपायी मी बिल अडवलं आणि पावसाळा संपायच्या आत माझी बदली झाली. त्या वेळी एकाही करदात्याने माझ्यासाठी अर्ज केल्याचं आठवत नाही.

राहिला रुमाल. लाइन तुंबते ती बहुतेक वेळा घरातून येणाऱ्या गोष्टींनी: चिंध्या, राख, प्लास्टिक, डायपर. पावसाळ्यात चेंबर उफाळतात, कारण लोक गच्चीचा पाइप गुपचूप मैल्याच्या लाइनला जोडतात. तुमच्या गच्चीचं पाणी कुठे सोडलंय, जरा बघून कळवाल का? आणि रुमाल तुम्ही लावता हो. चेंबरात उतरवला जातो तो दुसराच कुणीतरी. हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय तसं उतरवायला बंदी आहे, तरीही. त्याचा उल्लेख आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठे सापडला नाही.

सेप्टिक टँकबद्दल इतकंच: ती दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, आणि तिचं वरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उघड्या गटारातच जातं. तुम्ही शेवटची कधी उपसलीत?

पाणी तीन दिवसांआड येणं हा पाणीपुरवठ्याचा विषय, या लेखाचा नाही. केंद्र सरकारच्या सांडपाणी योजनांच्या मॅन्युअलप्रमाणे दरडोई रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात, मीही तेच धरलं. प्रत्यक्षात तेवढं पाणी येत नाही, हे मला ठाऊक नसेल असं वाटतं का तुम्हाला? पाणी वाढेल या हिशोबानेच ३० वर्षांची योजना करतात. वाढलं नाही तर काय, यावर सवडीने वेगळं लिहीन.

यापुढे टोपणनावाने लिहिलंत तरी प्रतिक्रिया छापीन. उत्तर मात्र खऱ्या नावालाच मिळेल.