फॉरमॅट नंतर, आधी फायली

"सरळ फॉरमॅट मार, तासाभरात नव्यासारखा होईल." लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला म्हटलं की दहातले आठ जण हेच सांगतात, आणि मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. लॅपटॉप होईल हो नव्यासारखा. पण त्याच्या आत जे होतं त्याचं काय?

आमच्या घरी घडलेलं सांगते. धाकट्या भावाला व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं. विकतचं सॉफ्टवेअर फुकट देणारी एक साइट त्याला सापडली. झिप फाइल, तिचा पासवर्ड शेजारीच लिहिलेला, आणि वर सूचना: "अँटिव्हायरस बंद करून चालवा." (पासवर्ड असतो तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून, हे आम्हाला नंतर कळलं.) त्याने चालवली. स्क्रीनवर विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के पुढे सरकायला लागले. अपडेट आहे म्हणून तो उठून आंघोळीला गेला. परत येऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं अनोळखी शेपूट, आणि फोल्डराफोल्डरांत एकच चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांच्या आत संपर्क केलात तर 490.

ते अपडेट नव्हतंच. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॅन्समवेअरची, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, ही नेहमीची पद्धत आहे. समोर अपडेटचं सोंग, मागे फायलींना कुलूप.

भावाने दोन तास कुणाला सांगितलं नाही. ओरडा बसेल या भीतीने तो एकटाच झटत राहिला, मिळतील ती सफाईची सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवत राहिला. मला वाटतं नुकसान इथेच वाढतं. काही रॅन्समवेअर फाइलची कुलूपबंद प्रत ठेवून मूळ फाइल पुसतात, आणि पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की ती कायमची जाते. डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी असेल तर ट्रिम नावाची सोय ती जागा स्वतःहूनच साफ करते, म्हणजे हाताशी वेळ आणखी कमी. म्हणून घरात असं काही झालं तर त्या माणसाला आधी जवळ घ्या. कुठल्या साइटवर गेला होतास, कशावर क्लिक केलंस, हे त्याने न घाबरता सांगायला हवं. पुढचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं.

दुरुस्तीला नेला तिथेही तेच ऐकलं, फॉरमॅट. मी नाही म्हटलं. त्या लॅपटॉपमध्ये आजीच्या आवाजातल्या गोष्टी होत्या, छोट्या रेकॉर्डरवर भरलेल्या एमपीथ्री फायली, आणि आजी आता नाही. नेट बंद करून डिस्क बाहेर काढली आणि तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, त्या चिठ्ठीसकट. कारण कुठल्या रॅन्समवेअरने गाठलंय हे चिठ्ठीवरून आणि एखाद्या बंद फाइलवरूनच ओळखता येतं.

मग जे समजलं त्याने मला रडू आलं. या रॅन्समवेअरला घाई असते, त्यामुळे ते प्रत्येक फाइलचे फक्त पहिले साधारण 150 केबी कुलूपबंद करतं. फोटोची ओळखच त्या सुरुवातीच्या भागात असते, त्यामुळे फोटो उघडत नाही. एमपीथ्री मात्र छोट्या छोट्या सुट्या तुकड्यांची बनलेली असते. मी एका प्रतीच्या नावामागचं शेपूट काढलं, प्लेअरला दिली, आणि आजी बोलायला लागली. मधूनच, वाक्याच्या अर्ध्यातून. सेकंदाला 128 किलोबिट (केबीपीएस) या रेकॉर्डिंगच्या हिशेबाने साधारण साडेनऊ सेकंद गेले होते. नेमक्या त्याच सेकंदांत ती दर वेळी घसा साफ करून विचारायची, "झालं का रे सुरू?" ते प्रत्येक फाइलमधून गेलं. गोष्टी मात्र सगळ्या आहेत.

फॉरमॅट मारला असता तर त्याही गेल्या असत्या.

कॉम्प्युटरचं काम त्या मानाने सोपं. डिस्क पूर्ण पुसली, विंडोज नव्याने टाकलं. तेव्हा फॉरमॅटच करावा, माझा वाद फक्त क्रमाशी आहे. पासवर्ड सगळे दुसऱ्या मशीनवरून बदलले आणि सगळीकडून लॉगआउट केलं, कारण या रॅन्समवेअरसोबत बऱ्याचदा ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो.

फोटो अजून बंद आहेत. एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर 2019 मध्ये या रॅन्समवेअरसाठी मोफत कुलूपतोड काढली, पण आमच्या फायलींची किल्ली त्यात नाही. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि डच पोलिसांनी 2016 मध्ये काही सुरक्षा कंपन्यांसोबत सुरू केलेल्या 'नो मोर रॅन्सम' या मोफत मदतीच्या साइटवर मी अधूनमधून बघत असते. गुन्हेगारांच्या किल्ल्या कधी पोलिसांच्या हाती लागतात, कधी तेच सोडून देतात. म्हणून ती डिस्क कपाटात आहे. भावाने तिच्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवलीय: "ताईला विचारल्याशिवाय पुसू नये."