बेनेट टाक म्हणे!

गेन्शिन इम्पॅक्ट या व्हिडिओ गेममध्ये अडलो म्हणून कुणाला टीम विचारावी, तर उत्तर ठरलेलं: "बेनेट टाक ना!" बेनेट म्हणजे टीमला बरं करणारं, ताकद वाढवणारं पात्र. अरे, टाकू तरी कुठे? स्पायरल अ‍ॅबिसच्या (गेममधल्या अवघड लढायांच्या) बाराव्या मजल्यावर दोन टीम लागतात आणि बेनेट एकच. दोन्ही टीमना तोच हवा. लग्नसराईतल्या भटजीसारखी गत झालीय त्याची!

वर शहाणपण असं, की "झियांगलिंग तर फुकट मिळते." ही आगीची लढवय्यी. मिळते हो, त्याच अ‍ॅबिसच्या तिसऱ्या मजल्यावर. पण तिच्या त्या आगीच्या चक्राला 80 एनर्जी लागते, ती कोण भरणार, तुझा काका? बेनेटची ठिणगी मी काढतो, घाईघाईने तिला मैदानात आणतो, तोवर एनर्जीचे कण टीममधली दुसरीच गिळून बसलेली. शिंगच्यू या पाण्याच्या पात्राच्या तलवारी चालू, शत्रू नखशिखांत ओला, वेपराइझचा, म्हणजे ओल्यावर आग पडण्याचा, दीडपट फटका बसायची हीच वेळ, आणि बाईंची एनर्जी अर्धीच. मग मी आपला तिथे गोल गोल पळतोय.

2020 साली गेम आला तेव्हापासून हेच त्रिकूट. पाच तारेवाली, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, पात्रं ढिगाने आली, पण सल्ला बदलला नाही. मला गेममधली केचिंग आवडते, तिच्यासाठी विचारलं होतं मी. तर पठ्ठ्या म्हणतो, "केचिंग काढ, बेनेट टाक."

डोंबल!