फायनलआधीचा जाणकार चाहता कसे व्हावे

संक्रांतीच्या कार्यक्रमात हातावर तिळगूळ ठेवून ‘गोड बोला’ म्हटले की माणसे पुढे सरकतात, अशी माझी समजूत होती. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसजवळच्या आमच्या उपनगरातल्या २०२५ च्या कार्यक्रमात मात्र एका गृहस्थांनी तिळगूळ दिल्यावर माझा हात सोडलाच नाही. कुडत्यावर आमच्या गावच्या ओहायो स्टेट विद्यापीठाची लाल जर्सी चढवलेल्या त्या सज्जनांनी, सोमवारी २० जानेवारी २०२५ ला अटलांटात होणाऱ्या ओहायो स्टेट विरुद्ध नोटर डेम या विद्यापीठांमधल्या, अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या अंतिम सामन्याविषयीची आपली समग्र मते, हळदीकुंकू आटोपून बायका गाड्यांकडे निघेपर्यंत मला ऐकवली. त्यांच्या बोलण्यातून मला जे शिकायला मिळाले ते माझ्यापाशीच राहू नये, म्हणून फायनलआधी जाणकार होऊ इच्छिणाऱ्या आपणा सर्वांसाठी हे चार सल्ले लिहून ठेवतो.

सर्वांत आधी स्मरणशक्तीचा त्याग करावा, कारण चाहत्याची खरी शत्रू आपली जुनी प्रतिस्पर्धी मिशिगन नसून स्वतःची आठवण आहे. ३० नोव्हेंबर २०२४ ला, सहा विजय आणि पाच पराभव घेऊन आलेल्या मिशिगनने, लाखाहून अधिक माणसांसमोर, आपल्याच मैदानात आपल्याला १३-१० असे हरवले. ओहायो स्टेट सुमारे वीस गुणांनी जिंकेल, असे पैजवाल्यांनी धरले होते आणि हा मिशिगनकडून सलग चौथ्या वर्षी झालेला पराभव होता, म्हणून दुःख मोठे होते हे मान्य आहे. (सामन्यानंतर झेंड्यावरून झालेल्या मारामारीत पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला, पण त्याविषयी न बोललेलेच बरे.) त्या रात्री आपण काय म्हणाला होता? आपले कोच रायन डे यांना उद्या सकाळच्या आत काढा, हा माणूस मोठ्या सामन्याचा कोच नाही, यांच्यापेक्षा शाळेचा कोच बरा, मधोमध धावण्याखेरीज याला दुसरे काही सुचत नाही. त्यानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे फायनलकडे नेणाऱ्या बाद फेऱ्यांत, टीमने टेनेसीला ४२-१७ असे घरी पाठवले, मोसमभर अपराजित राहिलेल्या ओरेगनला रोझ बोलमध्ये ४१-२१ असे लोळवले आणि कॉटन बोलमध्ये टेक्सासला २८-१४ असे नमवले. आता आपले मत असे असावे की, डे यांना वेळ द्यायला हवा हे आपण पहिल्यापासून सांगत होतो. हे वाक्य बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट पाहावे. आमच्या गृहस्थांनी तसे पाहिले आणि नोव्हेंबरमध्ये ज्या मंडळींसमोर त्यांनी डे यांची हकालपट्टी मागितली होती, तीच मंडळी तिळगूळ चघळत माना डोलावत होती.

पास झेलणाऱ्या जेरमाया स्मिथकडे चेंडू टाका, एवढे म्हणता आले तरी अर्धे काम होते. टेक्सासने त्याच्याभोवती माणसे लावून त्याला संपूर्ण सामन्यात एकच झेल आणि तीन यार्ड मिळू दिले, त्यामुळे इतरांना वाट मोकळी झाली, असले तपशील मताला बाधक असतात.

प्लेऑफच्या पद्धतीविषयी सोयीनुसार बोलावे. बारा टीम घेतल्याने नियमित मोसमाची किंमत गेली, हे शरद ऋतूत म्हणायचे असते. चारच टीमची जुनी पद्धत असती तर दोन सामने हरलेली आपली टीम या घटकेला घरी बसली असती, हे जानेवारीत कोणी काढलेच, तर विषय हवामानाकडे न्यावा.

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास मात्र सखोल हवा, म्हणजे त्याचा एकच सामना लक्षात ठेवायचा. नोटर डेम सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ अशी हरली, एवढे सांगून हसावे. त्यानंतर फायनलपर्यंत ती एकदाही हरली नाही आणि तिने जॉर्जियाला २३-१० असे बाहेर काढले, हे सांगण्याची जबाबदारी आपली नाही. त्यांचे कोच मार्कस फ्रीमन यांच्याबद्दल दोन मते तयार ठेवावीत. २०२३ मध्ये आपण त्यांना १७-१४ असे हरवले तेव्हा शेवटच्या क्षणी त्यांच्या बचावात अकराऐवजी दहाच खेळाडू उभे होते, हे सामन्याआधी खदखदून हसत सांगण्याचे मत. ते स्वतः ओहायो स्टेटचे जुने लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतले खेळाडू, आहेत, म्हणजे शेवटी आपलाच मुलगा, हे दुसरे मत आपण हरलो तर काढण्यासाठी खिशात असू द्यावे.

मिशिगनकडून सारखे हरणारे आपले जुने कोच जॉन कूपर यांचे नाव अधूनमधून घ्यावे. कारण सांगण्याची गरज नाही.

तिकिटांचा प्रश्न नाजूक आहे. डिसेंबरात आपल्या मैदानावर प्लेऑफचा सामना पहिल्यांदाच झाला, आणि त्या कडाक्याच्या थंडीत स्टँडमध्ये टेनेसीचा नारिंगी रंग इतका दिसत होता की आपले पाहुणे कोण आणि यजमान कोण हे टीव्हीवर कळेना. जाणकाराने यावर ‘आपल्या लोकांत पूर्वीसारखी निष्ठा राहिली नाही’ असे म्हणावे. आपली दोन तिकिटे आपणच टेनेसीहून आलेल्या कुटुंबाला चढ्या भावाने विकली होती, हे त्याच वाक्यानंतर अभिमानाने सांगता आले, तर आपण आमच्या गृहस्थांच्या पातळीला पोचलात असे समजावे.

पैजेचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून खेळांवर पैसे लावणे कायदेशीर झाले, त्यामुळे चाहत्याच्या मताला आता रोख किंमत आहे, आणि मत चुकले की ती कोणाकडून तरी वसूल करावी लागते. ती खेळाडूकडून करावी. कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर, म्हणजे कोण किती यार्ड धावेल आणि कोण किती झेल घेईल यावर, पैसे लावायला राज्याने २०२४ मध्ये बंदी घातली, कारण हरलेली माणसे त्या मुलांना फोनवर गाठून शिव्या देत होती. खेळाडूला धमकावणाऱ्याला पैज लावण्यापासून दूर ठेवण्याची सोयही आपल्या कायद्यात आहे. तरीही निराश होण्याचे कारण नाही. सामन्याच्या निकालावर पैसे लावता येतातच, आणि शिव्या देण्यासाठी तेवढे पुरते. आमच्या गृहस्थांनी फोन काढून आधी सोमवारसाठी लावलेली रक्कम दाखवली, आणि मग पडदा बोटाने वर सरकवत, मिशिगनच्या सामन्यानंतर आपल्या किकरला, म्हणजे पायाने चेंडू मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूला, पाठवलेला संदेश मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या सामन्यात त्या मुलाचे दोन फील्ड गोल हुकले होते. संदेश त्याच्या आईपासून सुरू होत होता, मध्ये ‘तुझ्यामुळे माझे इतके डॉलर गेले’ असा हिशेब होता, आणि शेवटी त्याने गाव सोडून जावे अशी सूचना होती. वाचताना गृहस्थ हसत होते. शेजारी त्यांचा मुलगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, गुळाच्या पोळीची बशी दोन्ही हातांनी धरून फरशीकडे पाहत उभा होता.

हे सल्ले मी इथेच थांबवतो, कारण यापुढे मला हसत लिहिता येणार नाही. अहो, तो किकर तुमच्या मुलाच्या वयाचा आहे. मी त्याचे नाव इथे लिहिलेले नाही, कारण ते तुमच्यासारख्यांनी पुरेसे वापरून झाले आहे. लाखभर माणसांच्या आरोळ्यांत, बोचऱ्या वाऱ्यात, चेंडू दोन खांबांमधून मारायचे काम तो करतो, आणि तुमच्याकडून साध्या घरच्या वायफायचा पासवर्डही पहिल्या झटक्यात बरोबर टाकला जात नाही. आता या मुलांना पैसे मिळतात ना, असे तुम्ही म्हणणार. मिळतात, २०२१ पासून स्वतःच्या नावावर कमावण्याची परवानगी त्यांना आहे, पण ते पैसे तुम्ही देत नाही आणि ते घेऊन त्याने आपली आई तुमच्या शिव्यांसाठी ठेवलेली नाही. तुम्ही लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुकीने एखाद्या ग्राहकाचा कारभार रात्रभर ठप्प झाला असेलच की कधीतरी. तेव्हा तुमच्या घरी कोणी धमकीचे निरोप पाठवले होते का? रायन डे यांच्या कुटुंबाला तसल्या धमक्या आल्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही त्यांच्याबद्दल आज प्रेमाने बोलता, त्यांचे आभार मानता, जणू नोव्हेंबरमध्ये दुसराच कोणी बोलत होता. मत बदलायला माझी ना नाही. मत बदलावे, शंभरदा बदलावे. पण ज्यांना आपण शिव्या दिल्या त्यांच्या जिवावर आता जल्लोषाची जागा अडवताना किमान आवाज तरी खाली ठेवावा.

आणि तुम्हीच नव्हे. तिथे उभे राहून माना डोलावणारे, ‘सोडा हो, खेळ आहे’ म्हणणारे बाकीचेही ऐका. तुम्हाला तो संदेश ऐकू येत होता. एकानेही ‘हे काय पाठवलेत’ असे विचारले नाही.

सोमवारी संध्याकाळी साडेसातला सामना आहे. बघा, ओरडा, हवे तर पैसे लावा आणि घालवा, तो तुमचा प्रश्न. सामना अटीतटीचा झाला, तर शेवटची किक त्याच मुलाकडे येईल. ती हुकली तरी फोनला हात लावू नका, आणि तो जुना संदेश आजच पुसून टाका. तुमच्या मुलाने तो ऐकलेला आहे.