1983 मध्ये नुसता वेग दुरुस्त झाला नव्हता

अमेरिकी गायक-पियानोवादक बिली जोएलच्या पहिल्या एकल अल्बमबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. 1971 चा 'कोल्ड स्प्रिंग हार्बर' चुकीच्या वेगानं छापला गेला, म्हणून त्यात जोएलचा आवाज कार्टूनसारखा ऐकू येतो. 1983 मध्ये वेग दुरुस्त करून मूळ अल्बम परत आणला. तोच आज स्ट्रीमिंगवर आहे. जुनी आवृत्ती मिळालीच तर प्लेअरमध्ये वेग 0.95 करून ऐका. आणि अल्बम पडला तो या एका चुकीमुळे. मास्टरिंगमध्ये, म्हणजे छापण्याआधीची शेवटची टेप तयार करताना, वेग चुकला, एवढं यातलं खरं. बाकीच्या गोष्टी एकेक करून पाहायला हव्यात, कारण त्यांच्यापायी लोक भलताच अल्बम ऐकून त्यावर मत बनवतात.

'आवाज कार्टूनसारखा ऐकू येतो.' नाही. कार्टूनचे ते प्रसिद्ध चिरके आवाज टेप दुप्पट वेगानं पळवून केलेले असतात. इथला फरक साधारण अर्ध्या स्वराचा सांगतात. तो धरला तर वेग 5.95 टक्क्यांनी वाढतो, हार्मोनियमच्या पांढरी पाच पट्टीतलं गाणं काळी चारला जातं आणि तीन मिनिटांचं गाणं 2 मिनिटं 50 सेकंदांत संपतं. आकडा लहान वाटतो, पण कानाला खुपतो. गायकानं स्वतः पट्टी अर्धा स्वर चढवली तरी त्याचा घसा आणि तोंडाची पोकळी तीच राहते. टेप पळवली की स्वराबरोबर आवाजाचा पोतही वर सरकतो. म्हणून 22 वर्षांचा जोएल अजून आवाज न फुटलेल्या मुलासारखा ऐकू येतो आणि पियानोच्या खालच्या सुरांचं वजन जातं.

अशी चूक होते कशी? सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली की गाणं रेंगाळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. याची उलट बाजू अशी की रेकॉर्ड करतानाच मशीन रेंगाळलं, तर धड मशीनवर तेच गाणं पळतं. स्टुडिओतली टेप सेकंदाला 15 इंच सरकते. एखादं मशीन 14.16 इंचांवर चाललं, तरी त्याच मशीनवर ऐकणाऱ्याला काहीच खटकत नाही. दुसऱ्या मशीनवर गेल्यावर बरोबर अर्धा स्वर चढतो. सूर मोजणाऱ्या ट्यूनरनंही हे पकडता येत नाही, कारण अर्धा स्वर चढलेला सूर शेजारच्या पट्टीवर नेमका बसतो आणि ट्यूनर 'सुरात' म्हणून मोकळा होतो. गाणं मुळात कुठल्या पट्टीत वाजवलं होतं ते माहीत असावं लागतं.

'1983 मध्ये मूळ अल्बम परत आणला.' सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. 1983 ची कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीची आवृत्ती म्हणजे वेग सुधारलेली जुनी टेप नव्हे. निर्माता आर्टी रिप यानं नव्यानं मिक्स केलं, म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित भाग पुन्हा जुळवले, आणि त्यात जोएलचा सहभाग नव्हता. 'यू कॅन मेक मी फ्री' जुन्या रेकॉर्डवर सहा मिनिटांच्या आसपास चालतं आणि शेवटी वादक मोकळे सुटतात. तो जवळपास तीन मिनिटांचा भाग कापला. 'टुमॉरो इज टुडे' मधून वाद्यवृंद काढून टाकला. 'एव्हरीबडी लव्हज यू नाऊ' आणि 'टर्न अराउंड' वर ड्रम्ससकट काही वाद्यं नव्यानं वाजवून चढवली, आणि ती वाजवणारे 1971 च्या सत्रांतले नव्हते. सुताराला दाराची खालची कड घासायला सांगावी आणि त्यानं चौकटच बदलावी, तसं झालं. पट्टी आणि गळा जागेवर आले हे मान्यच आहे, आणि जोएलचा खरा आवाज ऐकायला ही आवृत्ती कामाची आहे. पण तिला 'मूळ' म्हणणं चूक आहे. स्ट्रीमिंगवर सर्रास मिळते ती हीच.

ओळखायची खूण सोपी. 'यू कॅन मेक मी फ्री' ची लांबी बघा. तीनच्या आसपास असेल तर 1983, सहाच्या आसपास असेल तर 1971. हातात रेकॉर्ड असेल तर लेबलवर फॅमिली प्रॉडक्शन्स हे मूळ कंपनीचं नाव आणि क्रमांक एफपीएस-2700 असायला हवा.

'वेग 0.95 करा.' या सल्ल्यात दोन चुका आहेत. व्हिडिओ प्लेअरमधलं वेगाचं बटण स्वर तसाच ठेवून फक्त लय बदलतं. त्यामुळे गाणं रेंगाळतं आणि आवाज मात्र चढलेलाच राहतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. शिवाय स्ट्रीमिंगवरची आवृत्ती आधीच सुधारलेली आहे. ती आणखी हळू केली की पट्टी धड राहिली तरी लय मरते. जुन्या रेकॉर्डसाठी टर्नटेबलवरची वेग कमी-जास्त करणारी पट्टी (पिच स्लायडर) उणे 5.6 टक्क्यांवर न्या, म्हणजे 33⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे 31.5 फेरे. उणे 5.95 नको; वर जाताना आणि खाली येताना टक्का सारखा नसतो. फाइल असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग आणि स्वर एकत्र बदलणारा पर्याय घ्या आणि गुणक 0.944 द्या, फक्त टेम्पो किंवा फक्त पिच बदलणारे पर्याय इथे उपयोगाचे नाहीत. मग 'शीज गॉट अ वे' पियानोशी ताडून पाहा. ते जी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये आलं पाहिजे. थोडं वरखाली वाटलं तर कानानं जुळवा, आकड्याला चिकटून बसू नका.

'अल्बम पडला तो वेगामुळे.' तेवढंच कारण नव्हतं. फॅमिली प्रॉडक्शन्स ही छोटी कंपनी होती, आणि नवख्या गायकाची रेकॉर्ड दुकानात आणि रेडिओवर पोचवायला लागतो तो जोर तिच्या मागे नव्हता. दोष गाण्यांत नव्हता, याचा पुरावा पुढे मिळाला. 1980 मध्ये बोस्टनच्या पॅरडाइज क्लबमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'शीज गॉट अ वे' 'साँग्ज इन द ॲटिक' या 1981 च्या लाइव्ह अल्बमवर आलं आणि अमेरिकेच्या टॉप 40 मध्ये गेलं. 'एव्हरीबडी लव्हज यू नाऊ' सुद्धा त्याच अल्बमवर आहे, जोएलच्या स्वतःच्या बँडसह आणि योग्य पट्टीत. ही दोन गाणी आधी तिथे ऐका आणि मग 1971 च्या रेकॉर्डकडे या. कुठलं वेगामुळे बिघडलं आहे आणि कुठलं मुळातच तसं बांधलं होतं, ते कानाला आपोआप वेगळं कळू लागतं.